इंदूर शहरातील अपारंपरिक ऊर्जा

मध्य प्रदेशातील इंदूर शहरात पाणीउपसा व वाहनइंधन यांसाठी होणारा सौर व जैविक ऊर्जेचा वापर.

शहराला नर्मदेचे पाणी सु. 70 किमी.वरील जलूद (जि. खरगोन) येथून विंध्याचा चढ ओलांडून येते, त्यामुळे पाणीपुरवठ्यात विजेचा खर्च मोठा असतो. तो कमी व्हावा म्हणून महानगरपालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित कर्जरोख्यांतून 244 कोटी रु. उभारून जलूद येथे 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला (पहा : कर्जरोखे). त्याआधी 19 फेब्रुवारी 2022 रोजी देवगुराडिया येथे प्रतिदिन 550 टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेच्या जैव-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. बंद टाक्यांत कचरा हवेविना कुजतो; निघालेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड काढून उरलेला मिथेन शहर बसगाड्यांना पुरवतात (पहा : बायोगॅस).

सूर्यास्तानंतर सौर वीज मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र पाणी टाक्यांत साठवता येत असल्याने उपशाचा काही भार दिवसावर नेता येतो. छतावरील पॅनेल पुरेसे ठरतील, हा दुसरा युक्तिवाद परदेशीपुऱ्यासारख्या गिरणी कामगारांच्या जुन्या, दाट वस्तीत टिकत नाही : तेथे छते लहान व सावलीतली असतात. सार्वजनिक प्रकल्पांचा लाभ अशा घरांना नळाच्या पाण्यातून मिळू शकतो, आणि दारात वेगळा दिलेला ओला कचरा हे त्यांचे योगदान असते. कचऱ्यात प्लॅस्टिक मिसळल्यास वायुनिर्मितीत अडथळा येतो. म्हणून घरोघरचे वर्गीकरण ही या तंत्राची मूलभूत अट आहे (पहा : घनकचरा व्यवस्थापन).