वर्णन गाळू नका

हेरकथा वाचताना पुष्कळ जण वर्णनाचे परिच्छेद नुसते चाळून पुढे जातात. खोली कशी होती, पाऊस कसा पडत होता, ते राहू द्या, पुढे काय झालं ते सांगा! एरवी हे खपून जातं. चांगल्या इंग्रजी हेरकथेत मात्र नेमकी त्या गाळलेल्या परिच्छेदातच मेख असते. हेराचा धंदाच मुळी बघण्याचा. लेखक त्याच्याबरोबर आपल्यालाही बघायला बसवतो आणि बघता बघता छातीत धडधडायला लागतं. ही करामत आली कुठून, याचा माग उलटा काढत गेलं तर वाट शंभराहून जास्त वर्षं मागे जाते.

जॉन ल कारेच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’पासून (१९७४) निघू. ब्रिटिश हेरखात्यातला फितूर शोधायचा आहे आणि त्यासाठी, एरवी घरी बसवलेला जुना अधिकारी जॉर्ज स्मायली लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या एका सुमार हॉटेलात रात्र रात्र जुन्या फायली वाचतो. एक वयस्क, स्थूल माणूस कागद उलटतो आहे आणि आपण नखं कुरतडतो आहोत! कारण कुठली नोंद आहे यापेक्षा कुठली असायला हवी होती आणि नाही, हे त्याच्याबरोबर आपणही शोधू लागलेलो असतो. कादंबरी उघडते तीही एका शाळकरी पोराच्या नजरेतून. नवे मास्तर पावसात गाडी घेऊन येतात आणि हे एकलकोंडं पोर खिडकीतून त्यांना निरखत राहतं.

त्याआधी अकरा वर्षं, ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३). १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा ल कारे बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत होता. पहिल्या प्रकरणात ब्रिटिश हेर लीमस त्या भिंतीच्या नाक्यावर आपल्या माणसाची वाट बघत उभा आहे. कॉफी, थंडी, दिव्यांचा झोत, पलीकडचे पहारेकरी. अखेर एक माणूस सायकल घेऊन येतो. कागद तपासले जातात. त्याला सोडतात. आता थोडंच अंतर उरलंय. त्या थोड्याशा अंतरात काय होतं, ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी राखून ठेवतो. सगळी वाक्यं साधी आहेत, उपमा जवळजवळ नाहीतच.

त्याच्याही आधीच्या इयान फ्लेमिंगबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. ‘कसिनो रोयाल’मध्ये (१९५३) बाँड हॉटेलच्या खोलीत परततो तेव्हा लिहिण्याच्या टेबलाच्या खणात अडकवून ठेवलेला केस जागेवर आहे का, कपाटाच्या मुठीच्या आत टाकलेली पावडर पुसली गेलीय का आणि संडासाच्या टाकीतलं पाणी खुणेइतकंच आहे का, हे तपासतो. तिन्ही ठीक निघतात. काहीच घडलेलं नाही आणि तरीही खोलीत कुणी तरी असल्यासारखं वाटतं. नौदलाच्या गुप्तवार्ता खात्यात युद्धकाळ काढलेल्या माणसाची ही नजर! पण पुढेपुढे हीच नजर दारू, सिगारेट आणि मोटारींच्या ब्रँडांवर फिरत राहते आणि वर्णनाची यादी होते.

सॉमरसेट मॉमने पहिल्या महायुद्धात स्वतः हेरगिरी केली होती. त्याच्या ‘अॅशेंडन’मध्ये (१९२८) जिनिव्हाच्या बाजारात लोणी विकणारी म्हातारी निरोप पोचवते. लोणी घ्या, चिठ्ठी घ्या, चालू लागा. हेरगिरीतला कंटाळा कथेत आणला तो त्याने. जॉन बकनचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९१५) याच्या अगदी उलट, नुसती पळापळ. पण त्यातही स्कॉटलंडचा उघडा माळ असा उभा केलाय की वर घिरट्या घालणाऱ्या विमानाला आपण दिसतोय, हे वाचणाऱ्यालाही जाणवतं. लपायला एक झाड नाही!

या सगळ्यांची मुळं मला दोन पुस्तकांत दिसतात. एक मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं ‘किम’ (१९०१). सिमल्याच्या लर्गनसाहेबाच्या दुकानात ताटात रत्नं मांडतात, हवं तितका वेळ बघू देतात, मग झाकतात. हेरगिरी शिकायला आलेला किम आठवून रंग आणि संख्या सांगतो. दुकानातला पोरगा मात्र कुठल्या खड्याला डाग आहे आणि कुठला किती रतींचा, तेही सांगतो. किम सपशेल हरतो. बघणं हे शिकायचं काम आहे, ते असं. पुढे बेडन-पॉवेलने हा खेळ बालवीरांसाठी उचलला.

दुसरं अर्स्किन चाइल्डर्सचं ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३), माझ्या मते या घराण्याचा खरा मूळपुरुष. कॅरदर्स आणि डेव्हिस हे दोन इंग्रज तरुण छोट्या शिडाच्या होडीतून जर्मनीच्या फ्रिजियन बेटांमागच्या उथळ समुद्रात भटकतात. ओहोटीला इथे मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते, मध्ये पाण्याच्या चिंचोळ्या वाटा. एक दिवस दाट धुक्यात ते लहान होडीतून मेमर्ट नावाच्या बेटाकडे निघतात. कॅरदर्सने फक्त वल्ही मारायची. डेव्हिसच्या हाती होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा. किनारा दिसत नाही, खुणेचं काही दिसत नाही, पाणी उतरत चाललंय. तळ किती खोल आहे ते चाचपत, मिनिटं मोजत ते जातात. पिस्तूल नाही, पाठलाग नाही आणि तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही. चाइल्डर्सने हा समुद्र स्वतः शिडाच्या होडीतून पाहिला होता. (हाच माणूस १९१४ मध्ये आपल्या होडीतून आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका घेऊन गेला आणि १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवीत गोळ्या घालून मारला गेला. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहायला हवी.)

‘द रिडल ऑफ द सँड्स’ला नकाशे जोडलेले आहेत आणि ते शोभेचे नाहीत. मेमर्टचं प्रकरण नकाशावर बोट ठेवून वाचायचं असतं. मोबाइलच्या पडद्यावर ते वाचवत नाहीत, काही स्वस्त प्रतींत ते छापलेलेच नसतात. तेव्हा कागदी प्रत घ्या आणि पैसे देण्याआधी आत नकाशे आहेत ना, तेवढं उघडून पाहा.