टोड लेनचे दुकान : गरिबांच्या वस्तीत शुद्ध पीठ कसे आले?

१/७
२१ डिसेंबर १८४४. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी, टोड लेन नावाच्या रस्त्यावरील एका गोदामाच्या तळमजल्यावर दुकान उघडले. माल म्हणजे थोडे लोणी, साखर, गव्हाचे व ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. एवढ्याशा दुकानाची इतिहासाने नोंद का घ्यावी?

२/७
रॉचडेल हे फ्लॅनेल विणणाऱ्यांचे गाव. यंत्रमाग आले आणि हातमागावरील विणकरांची मजुरी घसरली. मजुरी पुरेना, म्हणून उधारी. आणि जिथे उधारी, तिथूनच खरेदी करणे भाग. दुकानदाराचे देणे डोक्यावर असता मालाची प्रत आणि तराजूचा काटा यांविषयी बोलणार कोण?

३/७
भेसळ तर सर्रास चाले. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक अ‍ॅकम यांनी १८२० मध्येच ग्रंथ लिहून ती उघड केली होती : पावात तुरटी, चीजच्या रंगात शेंदूर, वापरलेली चहापत्ती वाळवून पुन्हा विक्रीला. अन्नभेसळीविरुद्ध संसदेचा सर्वसाधारण कायदा मात्र १८६० मध्ये झाला.

४/७
कायद्याची वाट न पाहता रॉचडेलच्या विणकरांनी व इतर कारागिरांनी आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकून २८ पौंडांचे भांडवल उभे केले. प्रत्येकाचा वाटा एक पौंड.

५/७
नियम मोजके होते. माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा. प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफ्याची वाटणी ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. पिठात भेसळ करून मिळणारा नफा अखेर ते पीठ खाणाऱ्यांच्याच हाती येणार. मग भेसळ करायची कोणासाठी?

६/७
मात्र या व्यवस्थेला एक मर्यादा होती. उधारीने माणूस बांधला जातो, म्हणून उधारी बंद केली; पण ज्याच्या हाती रोख पेनीही नव्हती, त्याला जुन्याच दुकानाची पायरी चढावी लागली. सर्वांत गरिबाचा प्रश्न टोड लेननेही सोडवला नाही.

७/७
हाच सहकाराचा मार्ग मुंबईच्या गिरणगावानेही धरला. १९४८ मध्ये नायगावच्या कामगारवस्तीत ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घरोघरी पोहोचली. टोड लेनच्या त्या इमारतीत आज संग्रहालय आहे.