कॅसेटवरचं चित्र कुणाचं?

आजचा भाग एका स्टिकरबद्दल आहे. हो, स्टिकरबद्दल.

टीव्हीला जोडायचा तो 'व्हिडिओ गेम' तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यात वरून एक पिवळी, जाड 'कॅसेट' खुपसायची. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. कॅसेटी सगळ्या बाहेरून सारख्याच. फरक फक्त वरच्या रंगीत स्टिकरचा, आणि आपण कॅसेट निवडायचो तीही त्यावरूनच.

मी तिसरीत असताना बाबांनी गावच्या यात्रेत मला अशी एक कॅसेट घेऊन दिली. स्टिकरवर दोन पिळदार जवान, हातात बंदुका, मागे परग्रहावरचा राक्षस. म्हणजे 'कॉन्ट्रा'! घरी येऊन लावली तर आत कॉन्ट्रा नव्हताच. '९९९९ इन १' अशी लांबलचक यादी आली, आणि त्यात तेच चार-पाच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी बाबा सायकल मारत परत गेले, तर पालं उठलेली. मी रडत म्हणालो, "तुम्हाला काही कळतच नाही." बाबा रागावले नाहीत. स्टिकर निरखून एवढंच म्हणाले, "हे फोटो समोर ठेवून काढलंय."

बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची चित्रं, गणपतीच्या मंडपातले पडदे ते रंगवायचे. पोस्टरवर चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन भिंतीवर आखायचे आणि एकेक चौकोन उतरवून घ्यायचे. त्यामुळे दुसऱ्याची नक्कल त्यांना लगेच ओळखू यायची. मला तेव्हा ते वाक्य कळलं नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती कॅसेट सापडली. मी ठरवलं, हे चित्र मुळात कुठून आलं ते शोधायचं.

आधी थोडा इतिहास. आपला तो गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. फॅमिकॉम १९८३ च्या जुलैमध्ये जपानात आला. त्याच्या कॅसेटला ६० पिना. अमेरिकेत हेच यंत्र 'एनईएस' नावाने गेलं, त्याच्या कॅसेटला ७२. आपल्या पिवळ्या कॅसेटीच्या पिना मोजा, ६० भरतील. नव्वदच्या दशकात तैवान आणि चीनमधल्या नक्कल करणाऱ्यांनी मुख्य प्रोसेसर आणि चित्र दाखवणारी चिप, दोन्ही एकाच चिपमध्ये बसवली आणि यंत्र एकदम स्वस्त झालं. पोलंडमध्ये ते 'पेगॅसस' म्हणून विकलं गेलं, रशियात 'डेन्डी' म्हणून, आणि आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी. कॅसेट उघडलीत तर आत नीट चिपही दिसत नाही. हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा थेंब, बस.

आता शोध. फोटोवरून फोटो शोधायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पद्धत सोपी आहे. चित्र काळं-पांढरं करायचं आणि इतकं बारीक करायचं की ९ रकाने आणि ८ ओळी उरतील. मग प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा उजळ आहे का, एवढंच विचारायचं. एका ओळीत ८ उत्तरं, ८ ओळींची मिळून ६४. ही ६४ 'हो-नाही' म्हणजे त्या चित्राची ओळख. दोन चित्रांची उत्तरं जवळपास सारखी आली, तर चित्र बहुतेक एकच.

जुन्या गेमच्या खोक्यांचे फोटो जमवून त्यावर चालवला. काहीच सापडेना. मग लक्षात आलं, स्टिकरवरचं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं छापलंय! उलटं केल्यावर ही पद्धत साफ फसते. चित्र सुलट करून पुन्हा चालवला, आणि बाण बरोबर लागला.

तो होता १९८८ मध्ये अमेरिकेत आलेल्या कॉन्ट्राचा खोका. पण चित्र त्याही आधीचं निघालं. १९८७ मध्ये ब्रिटनच्या ओशन कंपनीने हाच गेम 'ग्रायझर' नावाने घरगुती कॉम्प्युटरसाठी काढला. त्या खोक्यासाठी बॉब वेकलिन या ब्रिटिश चित्रकाराने ते काढलं होतं. तेच चित्र कोनामीने पुढे कॉन्ट्रावर वापरलं.

आणि गंमत पुढे आहे. त्या जवानांची उभं राहण्याची ढब बघा. १९८७ च्याच 'प्रेडेटर' सिनेमातला आर्नोल्ड श्वार्झनेगर! म्हणजे बाबा बरोबर होते. फोटो समोर ठेवूनच काढलेलं.

असं करणारा वेकलिन एकटा नव्हता. कोनामीच्याच 'मेटल गिअर'चा १९८७ चा खोका घ्या. त्यावरचा सैनिक म्हणजे 'टर्मिनेटर' सिनेमातल्या मायकल बीनचा फोटो, जवळजवळ जसाच्या तसा.

मी शोधायला बसलो तेव्हा डोक्यात सरळ हिशोब होता: कंपनी साव, पिवळी कॅसेट चोर. आता तो तितका सरळ राहिला नाही. चोरी होतीच, आणि आत नसलेला गेम बाहेर दाखवणं ही तर शुद्ध फसवणूक. पण चित्रकाराचं नाव काही फक्त चोरांनी पुसलेलं नाही. त्या काळी अस्सल खोक्यांवरही ते छापायची सहसा पद्धत नव्हती. उलट नकली डेन्डीचा तो प्रसिद्ध हत्ती कुणी काढला हे आज माहीत आहे: रशियन ॲनिमेटर इव्हान माक्सिमोव्ह.

वेकलिन २०१८ मध्ये वारला. त्याने काढलेलं चित्र मी लहानपणी रोज हातात घ्यायचो, आणि त्याचं नाव मला त्याच्यामागे काही वर्षांनी कळलं.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्याला पैसे मिळाले?"

म्हटलं, "ओशनकडून कामाचे मिळाले. पिवळ्या कॅसेटवाल्यांकडून कसले मिळतायत!"

"आणि त्यानं त्या नटाला दिले?"

मी गप्प. बाबा हसले. "आम्ही तरी कुणाला दिले? पण खाली कोपऱ्यात आपलं नाव घालायचो. पाटी कुणी रंगवली ते कळायचं." फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम बंद पडलं. फ्लेक्सवर सगळ्या भाऊ-दादांचे फोटो असतात, पण तो बनवणारा पोरगा कोण हे कुणी विचारत नाही.

ऑफिसात मी रोज दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वापरतो. त्यातला बराचसा फुकट. एमआयटी लायसन्सची अट एवढीच असते: वापरा, बदला, विका, पण मूळ माणसाच्या नावाची ती ओळ काढू नका. मी ती फाईल आजवर कधी नीट वाचलीही नव्हती.

त्या कॅसेटच्या मागे मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'चित्र: बॉब वेकलिन, १९८७.' आणि बाबांना वीस वर्षं उशिरा सांगितलं, की त्या दिवशी कळत नव्हतं ते मला.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल तर काढा. स्टिकरचा फोटो घ्या आणि शोधून बघा. सापडलं नाही तर एकदा उलटा करून बघा. भेटू पुढच्या भागात!