गेलेली पत

थोरले बाजीराव इ. स. १७४० च्या एप्रिलांत नर्मदाकांठीं रावेरखेडीस निवर्तले, तेव्हां त्यांच्या चिरंजीवांस पराक्रमाच्या कीर्तीबरोबर सावकारांचीं खतेंही वारशांत मिळालीं. साताऱ्याजवळ धावडशीस राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी हे बाजीरावांचे गुरु, आणि धनकोही! सावकारांच्या पायां पडण्याची पाळी आल्याचें गाऱ्हाणें बाजीरावांनीं मांडलें तें याच गुरूपुढें. पेशवाईचीं वस्त्रें कोणास द्यावीं याचा विचार साताऱ्यास शाहू महाराजांपुढें चालला असतां रघूजी भोसल्यांनीं बाबूजी नाईक बारामतीकरांचें नांव पुढें केलें. हे नाईक पेशव्यांचे सोयरे खरे, पण मोठे सावकारही होते. जूनमध्यें वस्त्रें नानासाहेबांसच मिळालीं. तेव्हां नाईकांनीं आपल्या रकमेचा कडक तगादा लाविला. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणें या संकटांतून नानासाहेबांस त्यांचे दिवाण महादजीपंत पुरंदरे यांनीं आपलें वजन व आपली पत खर्चीं घालून सोडविलें.

आम्हांस या हकीकतींत ध्यानांत धरण्याजोगें वाटतें तें एवढेंच कीं, कर्जदाराची गेलेली पत त्याच्या पराक्रमानें परत आली नाहीं. ती दुसऱ्याच्या शब्दानें आली. पेशव्यास पुरंदरे भेटले. कुणब्यास कोण भेटणार?

हा प्रश्न साताऱ्यास सुमारें एकशें चाळीस वर्षांनीं कायद्याच्या रूपानें पुढें आला. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला; खतें हिसकावून घ्यावीं व जाळावीं, हा पुढील बहुतेक दंग्यांचा हेतु होता. चौकशी होऊन १८७९ चा सतरावा कायदा, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या निवारणाचा, पास झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांत तासगांव, वाळवें, खानापूर हे आजचे सांगलीकडील तालुके मोडत असत. खुद्द सांगली शहर मात्र पटवर्धनी संस्थानाची राजधानी होतें. (दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा १९४९ सालीं झाला, आणि त्यास सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें.)

कायदा दयाळू होता यांत शंका नाहीं. पैशाच्या हुकूमनाम्याखातर शेतकऱ्यास कैदेंत टाकणें बंद झालें. खताच्या मागें जाऊन मुद्दल किती व व्याज किती, हें न्यायाधीशानें पाहावें असें ठरलें. जी जमीन स्पष्टपणें गहाण दिलेली नाहीं ती जप्तींतून सुटली. पन्नास रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वाटही मोकळी झाली. परंतु सावकार कांहीं कायद्याच्या मागें राहणारा नव्हे! बिनगहाण जमीन हातीं लागत नाहीं म्हणतांच तो गहाण मागूं लागला. गहाणाच्या हिशेबांत न्यायाधीश शिरतो असें दिसतांच तो सरळ खरेदीखत लिहून घेऊं लागला, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा करार तोंडीं राहिला. दिवाळखोरीच्या वाटेस तर फारच थोडे शेतकरी गेले. आमच्या मतें याचें कारण उघड आहे. कोर्टानें मोकळा केलेल्या माणसास मृगाच्या तोंडावर बियाण्यापुरते पैसे कोर्ट देत नाहीं.

त्याच कायद्यांत एक लहानशी तरतूद होती. सावकाराकडे ज्याचें खातें आहे त्या शेतकऱ्यास पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मिळण्याचा हक्क दिलेला होता. किती दिलें, किती फेडलें, याची नोंद ऋणकोच्या हातीं असावी ही कल्पना आम्हांस साऱ्या कायद्यांत अधिक दूरदृष्टीची वाटते. पण वाचतां न येणाऱ्याच्या हातीं तें पुस्तक म्हणजे कोरा कागदच. १८८७ पासून १८९३ पर्यंत या कायद्याचे खास न्यायाधीश असलेल्या न्या. रानड्यांसारख्यांच्या देखरेखीनें ही उणीव भरून निघण्यासारखी नव्हती.

१९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें ग्रामीण पेढ्यांत अमर्यादित जबाबदारीचें तत्त्व आणलें, म्हणजे शेजारी शेजाऱ्याचा पुरंदरे झाला. अर्थात् एकानें बुडविलें तर त्याची झळ साऱ्यांस. शेतकरी नसलेल्या दिवाळखोराची स्थिति १९२० च्या प्रांतिक कायद्यानें ठरविली: न्यायालयाकडून मुक्तता मिळालेली नसतां, आपण दिवाळखोर आहों हें न सांगतां कोणाकडून पन्नास रुपयेही उधार घेणें हा गुन्हा ठरला. येथेंही पन्नासच!

आज पुरंदऱ्यांची जागा आंकड्यानें घेतली आहे. २००० सालीं सिबिल ही संस्था निघाली, २००५ सालीं पतविषयक माहितीचा कायदा झाला, आणि प्रत्येकाची पत तीनशें ते नऊशें या आंकड्यांत मोजली जाऊं लागली. कर्ज तडजोडीनें मिटविलें तरी तशी नोंद राहते, व पुढचा धनको ती वाचतो. अशा गृहस्थास बँका मुदतठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देतात. ठेवीच्या मर्यादेंत खर्च करावा, दरमहा पूर्ण बिल मुदतींत भरावें, म्हणजे नव्या नोंदी जमत जातात. यांत मनुष्य आपला जामीन आपणच होतो.

पण ज्याच्यापाशीं ठेव नाहीं आणि नोंदही नाहीं, त्याचें काय? सातारा जिल्ह्यांतील म्हसवडच्या बायकांनीं स्वतःची बँक काढण्यासाठीं रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हां प्रवर्तकांत अंगठा उठविणाऱ्या बायका आहेत म्हणून तो फेटाळला गेला. बायका लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडीं विचारून पाहा, असें त्यांनीं अधिकाऱ्यांस सांगितलें. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ सालीं सुरू झाली.