बापाची तंबाखू, लेकराची पोटगी

एका घरात चौघे राहतात. भाडे एक, गॅसचा सिलिंडर एक, विजेचे बिल एक. यात धाकट्याचे किती, असे विचारले तर त्याच्या आईलाही सांगता येणार नाही. फी, दप्तर, औषधे एवढे वेगळे काढता येते. बाकीचा खर्च सगळ्यांचा मिळून होतो. घर एकत्र आहे तोवर या हिशेबाची गरजही पडत नाही. आईबाप वेगळे झाले की मात्र न्यायाधीशाला आकडा लिहावाच लागतो : मुलासाठी दरमहा इतके.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हा आकडा आता छापील तक्त्यातून निघतो. एका बाजूला आईबापांचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूला मुलांची संख्या, आणि दोन्ही जुळतील त्या चौकटीतली रक्कम. हे तक्ते काही वकिलांच्या डोक्यातून निघालेले नाहीत. त्यांचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख होता. त्याचे नाव एर्न्स्ट एंगेल.

बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च चाळून एंगेलने १८५७ मध्ये एक नियम मांडला : कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी हा नियम मुलांच्या खर्चाकडे वळवला. दोन कुटुंबे अन्नावर सारखाच वाटा खर्च करत असतील तर त्यांची सुस्थिती सारखी समजायची. मूल झाल्यावर हा वाटा वाढतो; तो पहिल्याइतका खाली यायला जेवढे जादा उत्पन्न लागेल, तेवढा मुलाचा खर्च. एंगेलने स्वतः माणसाच्या खर्चासाठी एक एककही सुचवले होते. नवजात बाळ म्हणजे एक, आणि पुढे दर वर्षाला एक दशांश वाढ. पुरुषाची वाढ पंचविसाव्या वर्षी साडेतीनवर थांबायची, बाईची विसाव्या वर्षी तीनवर. बाईची भूक पाच वर्षे आधी का थांबते, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

या अन्नाच्या पद्धतीत एक खोट आहे. लहान मूल मुख्यतः खातेपिते. त्याचा पूर्ण खर्च भरून दिला तरी त्या घराचा अन्नाचा वाटा चढाच राहणार. म्हणजे ही पद्धत मुलाचा खर्च फुगवून सांगते.

दुसरी वाट काढली ती एर्विन रोथबार्टने. फ्रँकफर्टचा हा ज्यू तरुण नाझींच्या जर्मनीतून इंग्लंडला आला आणि केंब्रिजमध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या हाताखाली आकडेमोड करू लागला. १९४० मध्ये ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला काही काळ स्थानबद्धही केले. युद्धकाळात इंग्लंडातली कुटुंबे किती खर्च करतात, किती शिल्लक टाकतात याची पाहणी चार्ल्स मॅज करत होता. त्याच्या १९४३ च्या पुस्तकाला रोथबार्टने एक परिशिष्ट जोडले. आज ते पुस्तक फारसे कुणी उघडत नाही, परिशिष्टाचा उल्लेख मात्र सतत होतो.

मुलाचा खर्च मुलाच्या वस्तूंत शोधूच नका, असे त्याचे सांगणे. ज्या वस्तू मूल वापरूच शकत नाही त्यांच्याकडे बघा : दारू, तंबाखू, मोठ्यांचे कपडे. मूल झाल्यावर आईबाप या चैनीला कात्री लावतात. तीच चैन पहिल्याइतकी करता यावी म्हणून त्यांना आणखी किती उत्पन्न लागले असते? तो फरक म्हणजे मुलाचा खर्च. बापाने सोडलेल्या विड्यांवरून लेकराच्या दुधाचा हिशेब लावणारी ही युक्ती मला तरी फार हुशारीची वाटते. ती काढणारा १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्यात लढताना हॉलंडमध्ये मारला गेला. आपल्या परिशिष्टावर पुढे काय इमारत उभी राहिली, हे त्याला कळायचे नव्हते.

युक्ती बिनचूक नाही. मुलासमोर आइस्क्रीम एकट्याने खाता येत नाही, विडी एकट्याने ओढता येते. म्हणून काही आईबाप वाटून खायच्या गोष्टींना आधी कात्री लावतात आणि स्वतःचे व्यसन तसेच ठेवतात. तिथे मुलाचा खर्च खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. एंगेलचा आकडा चढा आणि रोथबार्टचा उतरता, खरा कुठेतरी मधे, असे जाणकार मानत आले.

महाराष्ट्रालाही या युक्तीची ओळख आहे. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतले ग्रामीण महाराष्ट्राचे १९८३ चे आकडे घेऊन तिचीच एक चाल वापरली. त्यांचा प्रश्न वेगळा होता : मुलग्यासाठी घर जेवढे पान-तंबाखू सोडते, तेवढे मुलीसाठी सोडते का?

पोटगीत हे सगळे शिरले ते अमेरिकी न्यायाधीशांच्या मर्जीला लोक कंटाळले म्हणून. डेन्व्हरच्या जिल्हा न्यायालयातल्या निकालांचा एक अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच कमाईच्या बापांना भलतेच वेगवेगळे आकडे लावलेले होते. दोन तृतीयांश बापांच्या बाबतीत तर मुलांची मासिक पोटगी मोटारीच्या हप्त्यापेक्षाही कमी होती.

विस्कॉन्सिन राज्याने सरळ टक्के ठरवले : एका मुलाला उत्पन्नाचे १७ टक्के, दोघांना २५, तिघांना २९, चौघांना ३१, पुढे ३४. १९८४ मध्ये केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला मार्गदर्शक सूत्र करायला लावले; १९८८ च्या कायद्याने ते सूत्र मुळात योग्य मानायचे आणि त्यापासून हटायचे तर न्यायाधीशाने कारण लिहायचे, असे ठरले. मधे १९८७ मध्ये रॉबर्ट विल्यम्सने दोघांच्या उत्पन्नाचे सूत्र मांडले आणि बहुतेक राज्यांनी तेच उचलले. समजा, बापाची कमाई साठ आणि आईची चाळीस, आणि तक्ता म्हणतो की एवढ्या कमाईचे घर एका मुलावर महिना हजार डॉलर खर्च करते. मग बापाने सहाशे द्यायचे. आईचे चारशे मूल तिच्याजवळच असल्याने खर्च झाले असे धरायचे. विल्यम्सचे पहिले आकडे थॉमस एस्पेनशेडच्या, म्हणजे एंगेलच्या कुळातल्या अभ्यासातून आले होते. १९९० मध्ये अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड बेटसनने रोथबार्टची पद्धत सरस ठरवली आणि अनेक राज्ये तिकडे वळली. दारू-तंबाखूचा खर्च लोक पाहणीत कमी करून सांगतात, म्हणून मोजायला मोठ्यांचे कपडे घेतले गेले. हजारो मुलांची पोटगी अशी आईबापांच्या न घेतलेल्या सदऱ्यांवरून निघते. तक्त्याची मोठी उणीव निराळीच आहे : त्याचे आकडे एकत्र राहणाऱ्या कुटुंबांचे आहेत आणि लावायचे ते दोन भाडी भरणाऱ्यांना.

जर्मनीत १९६२ पासून ‘ड्युसेलडॉर्फ तक्ता’ चालतो. तो कायदा नाही, तरी न्यायालये तो पाळतात.

आणि आपण? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ ने बायको-मुलांच्या पोटगीला दरमहा ५० रुपयांची कमाल मर्यादा घातली. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या नव्या संहितेतल्या कलम १२५ नेही ५०० तशीच ठेवली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १,५०० वर नेली आणि २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. या प्रवासात मुलाला खरोखर किती लागते, हा प्रश्न कायद्याने एकदाही मोजून पाहिला नाही. आधी आकडा होता पण आधार नव्हता. आता आकडाही गेला. न्यायालयांनी आपापल्या परीने अंदाज बांधले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये कमावत्या नवऱ्याला दोन हिस्से आणि घरातल्या बाकी प्रत्येकाला एक, अशी वाटणी सुचवली. सोपी आहे, पण दोन वर्षांचे बाळ आणि बारावीचा मुलगा यात सारखेच.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घातले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. त्या प्रकरणात आईला दरमहा १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, मग १०,००० अशा रकमा वेगवेगळ्या लावलेल्या होत्या. तक्ता मात्र तेव्हाही आला नाही. मला तो हवासा वाटतो, त्याच्या साऱ्या खोटींसकट. कारण तक्त्यातली चूक सगळ्यांना दिसते, तिच्याशी भांडता येते, आणि न्यायाधीशाच्या मनातल्या अंदाजाशी भांडायला वरच्या कोर्टात जावे लागते. कुटुंबांच्या खर्चाच्या सरकारी पाहण्या आपल्याकडेही होतात, तेव्हा सामग्री नाही असे म्हणायला जागा नाही.

तोवर, अर्ज करणाऱ्याने एवढे तरी करावे : मुलाचा खर्च स्वतःच्या पोटगीत मिसळू नये. प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात मुलांच्या खर्चाची वेगळी जागा आहे; अन्न, कपडे, औषध, शिक्षण असे एकेक लिहून ती पूर्ण भरावी, आणि मुलाची रक्कम आदेशात वेगळी मागावी.