रॉक क्रॉलरचे टायर आणि चाके : निवड कशी करावी

रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, वेगापेक्षा चढाईसाठी बनवलेली छोटी जीप. पर्वत पाटिया परिसरातील सभासदांच्या घरी या गाड्या आता दिसू लागल्या आहेत आणि नातवंडांची तक्रार बहुधा एकच असते : गाडी दगडावर चढत नाही, चाके नुसतीच फिरतात. मग घरचे मोठी मोटर आणायला निघतात. चाक जागेवर फिरते याचा अर्थ ताकद आहे, पकड नाही. म्हणून पहिला खर्च टायरवर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुकानदार १.९ किंवा २.२ इंच म्हणतो ते रिमचे माप, टायरच्या उंचीचे नव्हे. १:१० प्रमाणाच्या जीपसारख्या बहुतेक गाड्यांना, उदाहरणार्थ ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ला, १.९ ची रिम असते आणि तिच्यावर साधारण १०५ ते १२० मिमी उंचीचे टायर बसतात. ॲक्सियलच्या १:२४ प्रमाणाच्या एससीएक्स२४ ला रिम १ इंचाची. रिम ज्या षटकोनी तुकड्यावर बसते तो हेक्स पहिलीत १२ मिमी, दुसरीत ७ मिमी असतो. मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उंच टायरने गाडीचे पोट दगडाला कमी टेकते, पण तोल वर जातो, मोटर जास्त तापते आणि वळताना टायर बॉडीला घासतो.

आता जमीन. सुरत तापीच्या गाळावर वसलेली, इथे खडक कुठला! आपल्याकडे मुले खेळतात ती सोसायटीच्या सिमेंट ब्लॉकवर आणि बांधकामाच्या खडीच्या ढिगावर. अशा खरखरीत जागी फार मऊ रबर लवकर झिजते, मध्यम पुरते. गाडी सुट्टीत गावी, खानदेशात नेणार असाल तर हिशेब बदलतो. पांझरेच्या पात्रातला किंवा सातपुड्याच्या पायथ्याचा काळा पाषाण गुळगुळीत आणि ओला असतो, तिथे मऊ रबरच धरते. शेतातल्या काळ्या मातीत मात्र बारीक नक्षीचा टायर दोन फेऱ्यांत लाडवासारखा गोल होतो. तिथे ट्रॅक्टरच्या टायरसारख्या लांब-लांब गोट्या हव्यात. एकच संच घ्यायचा असेल तर मऊ रबर आणि मध्यम मोकळी नक्षी घ्यावी.

या टायरमध्ये हवा भरत नाहीत. मोठी जीप खडकावर नेताना चालक हवा कमी करतात, ते काम इथे आतला फोम करतो आणि लोक नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. गाडी उभी असताना टायर किंचित बसला पाहिजे. दगडावर ठेवल्यावर त्याने दगडाला कवेत घ्यावे. फोम कडक असेल तर महागडे रबरही वाया. दोन थरांचा फोम, आत कडक आणि बाहेर मऊ, उतारावर आडवा चालताना गाडी कलंडू देत नाही. पाण्यात नेणार असाल तर रिमचे भोक बुजवून टायरच्या मधोमध दोन-तीन बारीक भोके पाडावीत, म्हणजे पाणी बाहेर फेकले जाते. साधा फोम भिजला की वाळायला वेळ लागतो.

तयार गाडीचे टायर बरेचदा रिमला चिकटवलेले असतात. फोम बदलायचा तर ते उकलताना फाटण्याची भीती. बीडलॉक रिममध्ये टायरची कड स्क्रूने आवळलेल्या कड्याखाली दाबलेली असते, डिंकाची गरज नाही. किंमत जास्त, पण त्याच रिमवर पुढे कितीही टायर बदलता येतात.

शेवटी वजन. चढताना गाडी मागे उलटते, म्हणून पुढच्या दोन चाकांत पितळी कडी घालावीत. वजन जितके खाली तितके बरे. चारही चाकांत सारखे घालू नये. त्याने स्टिअरिंगच्या सर्व्होवर आणि आसावर उगाच ताण येतो. पंक्चरवाल्याकडची चिकटपट्टीची वजने स्वस्त पडतात, पण त्यांत शिसे असू शकते; मुलांच्या हाती ती देऊ नयेत.