वेष्टनातला चांदोबा



श्रुतपंचमीला तुम्हीही घरच्या ग्रंथांना ऊन दाखवून नवी वेष्टनं घातली असतील. धरसेनाचार्यांनी शिकवलेलं पुष्पदंत आणि भूतबली मुनींनी लिहून काढलं, षट्खंडागम पूर्ण झाला, त्याचा हा दिवस. तोवर ज्ञान ऐकून लक्षात ठेवायचं. मग ते लिहिलं गेलं आणि टिकलं. या दिवशी मला माझी आजी आठवते आणि तिच्यासोबत चांदोबा.

आजी पैठणजवळच्या खेड्यातली. तिच्या लहानपणी इथे निजामाचं राज्य. सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. खेड्यातल्या मुलीला मराठी शाळासुद्धा दूरच होती. आपल्या शहरात सरस्वती भुवन १९१५ साली सुरू झालं, पण ते आजीपर्यंत पोहोचलं नाही. चंदनबाला, मैनासुंदरी, श्रीपाल सगळं तिला तोंडपाठ होतं, पण ऐकून. मंदिरात शास्त्रवाचन चालू असताना ती मागे बसून ऐकायची. एकही अक्षर तिला ओळखता येत नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६७ साली बालभारती स्थापन झाली. मी शाळेत गेले ती बालभारतीची पुस्तकं घेऊनच.

वडील मात्र दर महिन्याला चांदोबा आणायचे. मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये काढलं. मराठी चांदोबा १९५२ चा. शंकर यांनी काढलेलं ते चित्र आठवतं ना? हातात तलवार घेतलेला विक्रम आणि खांद्यावर वेताळ! मी मोठ्यानं वाचायची, आजी निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवायची. वेताळाचा प्रश्न आला की म्हणायची, "थांब गं, आधी मला सांगू दे." आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा विक्रमासारखंच निघायचं.

एकदा परीक्षेमुळे मी वाचून दाखवलं नाही. दोन दिवसांनी पाहते तर आजी चांदोबा उघडून बसलेली. "हा 'व' ना? विक्रमातला?" तिथून सुरुवात झाली. चांदोबाची अक्षरं मोठी, गोष्ट ओळखीची; ती बोट ठेवून वाचायला लागली. बालभारतीचं 'किशोर' १९७१ च्या बालदिनापासून निघायला लागलं होतं, तेही तिनं माझ्याकडून घेतलं. वर्षभरानं मंदिरात ती शास्त्राजवळ पुढे बसली आणि तिनं चार ओळी वाचल्या. साठीच्या बाईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ती चांदोबाचे अंकही जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "जिनवाणी नसेल, पण मला जिनवाणीपर्यंत यानंच नेलं."

मैत्रिणींनो, ते गाठोडं मी रद्दीत दिलं. घर बदलताना, घाईत, किलोच्या भावानं. शास्त्रदान करायचं सोडून मी अक्षरं विकली, ही बोच अजून जात नाही.

किशोरचे जुने अंक आता बालभारतीनं संगणकावर मोफत वाचायला ठेवले आहेत. परवा नातीसोबत ते उघडले तेव्हा एक मुखपृष्ठ ओळखीचं निघालं. नात इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत वाचते. तिनं बोट ठेवून विचारलं, "हा 'ळ' ना?"

यंदाच्या श्रुतपंचमीला मी औरंगपुऱ्यातून गोष्टींची चार मराठी पुस्तकं आणली. एक नातीला, तीन पाठशाळेला. तुमच्या माळ्यावर एखादं गाठोडं असेल, तर रद्दीवाला येण्याआधी सोडून बघा. घरात वाचू न शकणारी आजी किंवा अडखळणारी नात असेल, तर पहिलं पुस्तक तिच्या हातात द्या.

जय जिनेंद्र.